हाताच्या ग्राइंडरवर फिल्टर कॉफीचं दळण

घरी दळलेली कॉफी पाणचट झाली की लोक बियांना नावं ठेवतात. बहुतेक वेळा चूक दळणात असते. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी; वरच्याच्या तळाला भोकं, त्यांतून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, खाली उतरतं. बाजारच्या फिल्टर पुडीत बऱ्याचदा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, असते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पूड जरा जाड असली तरी डिकॉक्शन सावकाश उतरतं. निव्वळ कॉफी तेवढीच जाड दळली तर पाणी झरझर खाली जातं आणि रंग आला तरी चव येत नाही. चिकोरी वगळायची असेल तर दळण थोडं बारीक करावंच लागतं.

ग्राइंडरच्या आत शंकूच्या आकाराचा दातेरी भाग फिरतो, त्याभोवतीचं कडं जागचं हलत नाही. वरच्या मोठ्या दात्यांत बी फुटते, खालच्या बारीक दात्यांत तिची पूड होते. जात्यात दाण्यांची वैरण जास्त पडली की वरची तळी उचलली जाते आणि पीठ जाड येतं. इथे मात्र शंकू आणि कड्यामधली फट स्क्रूने बांधलेली असते, ती आपणच ठरवायची. मिक्सरमध्ये हे जमत नाही. पातं बिया नुसत्या कापत सुटतं, त्यामुळे तळाशी पिठी आणि वर कण्या. पिठी कडू उतरते, कण्या आंबट, आणि दोन्ही एकाच पेल्यात.

आधी शून्य शोधायचं. ग्राइंडर रिकामा ठेवून फटीचा स्क्रू हळूहळू आवळत जा. दांडा सहज फिरेनासा झाला आणि दाते घासल्याचा आवाज आला की ते शून्य. तिथून उलटं फिरवत क्लिक मोजा, म्हणजे स्क्रू खाचेखाचेने सरकताना होणारे ‘टक’ आवाज. शून्यावर दळू नका, दाते एकमेकांना खातात. दुसऱ्याने सांगितलेला ‘१४ क्लिक’ आपल्या उपयोगाचा नाही, कारण प्रत्येक बनावटीचा क्लिक वेगळा. चिमूट बोटांत चोळून बघा. फिल्टरसाठी पूड बारीक रव्याहून बारीक हवी, पण बोटांना कण लागला पाहिजे; मैद्यासारखी गुळगुळीत नको. फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे दट्ट्याने चोथा खाली दाबायच्या भांड्यासाठी, जाडा रवा.

दोन कप कॉफीला २० ग्रॅम बिया आणि १०० ते १२० मिलि उकळतं पाणी. बिया चमच्याने मोजू नका, वजनाने घ्या. मॉन्सून मलबार या भारतीय कॉफीच्या बिया ओल्या वाऱ्यावर फुगवलेल्या, म्हणून हलक्या. चमचा तोच, पण वजन कमी भरतं. त्या ठिसूळही असतात, पटकन दळल्या जातात. कमी भाजलेल्या बिया याउलट कडक. दांडा अडला तर जोर करू नका. अर्धा फेरा उलटा फिरवा, ग्राइंडर थोडा तिरपा धरा म्हणजे बिया कमी कमी पडतील. तरीही अडला तर सगळं उपसून पाहा, खडा असू शकतो. सिरॅमिकचा दाता खड्याने टवका उडून जातो, म्हणून बिया आधी ताटात पसरून निवडलेल्या बऱ्या.

पूड डब्याच्या भिंतींना चिकटत असेल तर ती स्थिर विजेची करामत. चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून त्याच ओल्या दांड्याने बिया ढवळा. एखादा थेंब पुरतो. कोरड्या थंडीत याची गरज जास्त, मुंबईच्या पावसाळ्यात जवळपास नाहीच.

आता खरी परीक्षा. पूड फिल्टरच्या वरच्या भांड्यात भरून तिच्यावर फिल्टरची चकती अलगद ठेवा, दाबू नका, आणि पाणी ओतल्यावर घड्याळ लावा. पाच मिनिटांत वरचं भांडं रिकामं झालं तर पूड जाड, एक-दोन क्लिक आवळा. २० मिनिटांनंतरही नुसता एखादा थेंब पडत असेल तर पूड फार बारीक, चकती जास्त दाबलेली किंवा वरच्या भांड्याची भोकं बुजलेली. भोकं उजेडाकडे धरून आधी बघा, मगच क्लिक बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

स्वस्त ग्राइंडरची एक खोड माहीत असावी. त्यांत फिरता भाग दांडीच्या टोकाला लोंबतो आणि फट वाढवली की डुलतो. म्हणून बारीक दळण बरं येतं, जाड दळण हमखास विषम. अशा ग्राइंडरवर फिल्टर कॉफी खुशाल करा. फ्रेंच प्रेसला पिठी चहाच्या बारीक गाळणीने चाळून काढावी लागेल.

चिकोरी आवडत असेल तर ती ग्राइंडरमध्ये घालू नका. ती हवेतली ओल ओढते आणि दात्यांत चिकट थर बसतो. १६ ग्रॅम कॉफी दळा, ४ ग्रॅम चिकोरी पूड वरून मिसळा.

दाते रोज ब्रशने झाडावेत, महिन्यातून एकदा पूर्ण उघडावेत. काळपट भाजलेल्या बियांचं तेल आत राहिलं की खवट वास येतो आणि तो नव्या दळणात उतरतो. स्टीलच्या दात्यांना पाणी लावू नका, गंजतात. सिरॅमिकचे धुता येतात, पण जोडण्याआधी खडखडीत वाळले पाहिजेत. साफसफाईसाठी कच्चे तांदूळ दळायची युक्ती नको, तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कितीतरी कडक. नट, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ताटात ओळीने मांडा. वॉशर विसरला तर फट धरतच नाही. जोडून झाल्यावर शून्य पुन्हा शोधा, आणि पहिली दोन-तीन ग्रॅम पूड टाकून द्या.