मतपत्रिकेवर दहाच नावं का?

आज दिवसभर अमेरिकेतल्या कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमचं, म्हणजे थोर खेळाडूंना मानाचं स्थान देणाऱ्या संग्रहालयाचं, मतदान डोक्यात घोळतंय. निवडीसाठी ७५ टक्के मतं लागतात, ते ठीकच. पण मत देणाऱ्या पत्रकाराला जास्तीत जास्त दहाच नावांवर खूण करता येते, आणि ५ टक्क्यांखाली राहिलेला खेळाडू पुढच्या वर्षीच्या यादीतून थेट बाहेर. खरी गोची इथेच आहे. २०१३ मध्ये बाँड्स, क्लेमेन्स अशा बड्या खेळाडूंच्या गर्दीत केनी लॉफ्टन ३.२ टक्क्यांवर पहिल्याच वर्षी बाद झाला. ६२२ बेस चोरणारा (म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा टप्पा गाठणारा) सेंटरफिल्डर, मैदानाच्या मधल्या भागातला क्षेत्ररक्षक! लॅरी वॉकर २०१४ मध्ये जेमतेम १०.२ टक्क्यांवर होता; यादीत टिकला म्हणून २०२० मध्ये, शेवटच्या संधीला, ७६.६ टक्क्यांनी आत गेला. लॉफ्टनला तेवढा वेळ मिळालाच नाही. दहाची मर्यादा काढाच, ५ टक्क्यांचा नियमही पहिली दोन वर्षं लावू नका.