टायरॉडपासून टायरॉडपर्यंत: आमची वाटचाल

दारव्ह्याला आमच्या दुकानावर अजूनही बाबांच्या ट्रॅक्टर वर्कशॉपचीच पाटी आहे. त्यामुळे यवतमाळ-कारंज्याहून रिमोटचे खेळण्यातले ट्रक दुरुस्तीला घेऊन येणारी पोरं आधी दुकान ओलांडून पुढे जातात, मग फोन करतात. पाटी बदलायचा विषय दर दिवाळीला निघतो. बाबा म्हणतात, "पाटीनं का गाडी दुरुस्त होते?" तिथंच तो विषय संपतो.

सुरुवात 2020 च्या टाळेबंदीत झाली. नागपूरचा भाचा आमच्याकडे अडकला होता आणि सोबत त्याचा रिमोटचा ट्रक, खऱ्याच्या एक दशांश मापाचा. तिसऱ्याच दिवशी त्यानं तो विहिरीच्या कठड्यावर आदळला. पुढचं डावं चाक लोंबायला लागलं. कुरिअर बंद. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलेलं, म्हणजे नवीन घेऊ असं बहिणीसमोर बोलायचीही सोय नव्हती. शेवटी ट्रक बाबांच्या टेबलावर आला.

खोलून पाहिलं तर सगळी ओळखीचीच माणसं! किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं ती खीळ), ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारी दांडी), टायरॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारी दांडी). टायरॉडच्या एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे, म्हणजे दांडी फिरवली की चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेरचा कल, जुळतो, अगदी ट्रॅक्टरसारखा. चाक ज्यावर बसतं आणि वळतं, आम्ही ज्याला स्टब एक्सल म्हणतो, त्याला ही मंडळी नकल म्हणतात, एवढाच फरक. स्टिअरिंग बॉक्सच्या जागी काड्यापेटीएवढी मोटर, तिला सर्व्हो म्हणतात. नकलचा कान मोडला होता. दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून त्याला आधार दिला, लेथवर नवा किंगपिन काढला, गाडी सरळ चालली. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "खेळणं हाय म्हून का झालं, यालेबी किंगपिन हाय."

भाच्यानं व्हिडिओ काढून मित्रांना पाठवला. टाळेबंदी उठली तसे तीन ट्रक पार्सलनं आले. पहिल्या कामाचे आम्ही 150 रुपये घेतले, तेही संकोचत.

आता चुकांचं सांगतो, कारण धंदा त्यांच्यावरच उभा आहे.

पहिल्या वर्षी येणारं निम्मं काम नकल तुटल्याचं असायचं. आम्ही सरळ हिशोब केला: प्लास्टिक तुटतं ना, मग धातूचं लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या नकलच्या 40 जोड्या एकदम मागवल्या, घाऊक भावात. दोन आठवड्यांत कारंज्याचा एक ट्रक परत आला. नकल ठणठणीत, पण ती ज्याला धरून असते तो खालचा आर्म फुटलेला. आर्म बदलून दिला. महिन्याभरात पुन्हा तोच ट्रक, या वेळी सर्व्होच्या आतल्या गिअरचे दात साफ. गिऱ्हाईक पोरगा बिचारा रागावलाही नाही. "भाऊ, तुमी त म्हटलं होतं का आता काही तुटत नाही," एवढंच बोलला.

मी सर्व्हो खोलून बसलो होतो. बाबा शेजारी रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा दांडा, घेऊन बसलेले. त्यात शिअर बोल्ट असतो, जोर जास्त झाला की आधी स्वतः तुटून बाकीचं वाचवणारा. म्हणाले, "शिअर बोल्ट घडीघडी तुटते म्हून एखादा शहाणा तिथं हाय टेन्साइल ठोकते. मंग बोल्ट नाही तुटत, गिअरबॉक्स फुटते. तू थेच केलं."

त्या दिवशी आमचं काम बदललं. तोवर आम्ही तुटलेला भाग बदलत होतो. त्यानंतर तो कोणी तोडला हे शोधायला लागलो.

या ट्रकमध्ये शिअर बोल्टच्या जागी सर्व्हो सेव्हर असतो. सर्व्हो आणि चाकांच्या दांड्या यांच्यामध्ये बसवलेली स्प्रिंग. चाक दगडावर आदळलं की स्प्रिंग दबते आणि धक्का गिअरच्या दातांपर्यंत जात नाही. स्टिअरिंग ढिलं वाटतं म्हणून लोक तिचा नट पार आवळून टाकतात. मग सेव्हर उरतो फक्त नावाला. नट फार सैल ठेवला तर सर्व्हो फिरतो, पण गवतात चाकं जागची हलत नाहीत. आमचं माप साधं आहे. ट्रक सिमेंटच्या फरशीवर उभा करून चाकं पूर्ण वळली पाहिजेत, आणि तेच चाक हातानं जोर लावून ढकललं तर स्प्रिंगनं वाट दिली पाहिजे. कारंज्याच्या ट्रकचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला होता. त्या पोराला सर्व्हो फुकट बसवून दिला. धातूची नकल वाईट नसते, हेही सांगतो. दगडांवरून गोगलगाईसारखे चढणारे ट्रक असतात, त्यांना पुढचं वजन उपयोगीच पडतं. वेगात उडणाऱ्या गाडीला ती लावताना मात्र दहादा विचार करावा.

दुसरी चूक दातांच्या मोजणीची. सर्व्होच्या दांड्यावर बारीक दात असतात, कुठं 23, कुठं 24, कुठं 25. त्यावर बसतो तो हॉर्न, चाकाच्या दांड्या ओढणारा छोटा हात. 25 चा हॉर्न 24 च्या दांड्यावर बसल्यासारखा वाटतो, स्क्रू आवळला की पक्काही वाटतो. दोन फेऱ्यांत आतले दात गुळगुळीत. आम्ही असे दोन हॉर्न खराब केले, मग भिंग विकत घेतलं. आता दात मोजल्याशिवाय हॉर्न लागत नाही.

आणि एक तक्रार फोनवर हमखास येते: "वळवताना गाडी झटके खाते, रेंज नाही." रेंजचा संबंध क्वचितच असतो. सर्व्होला दर सेकंदाला साधारण 50 वेळा इशारा जातो. 1500 मायक्रोसेकंदांचा इशारा म्हणजे सरळ, 1000 कडे एक बाजू, 2000 कडे दुसरी. नकल आपल्या अडथळ्याला टेकली तरी रिमोट पुढे ढकलतच असेल, तर सर्व्हो जागच्या जागी घूं करत राहतो. तो गरम होतो आणि करंट इतका ओढतो, की रिसीव्हरला, म्हणजे गाडीत रिमोटचा इशारा घेणाऱ्या डबीला, मिळणारा व्होल्टेज पडतो, रिसीव्हर क्षणभर झोपतो. लोक म्हणतात रेंज गेली. पुढची चाकं उचलून धरा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि कान लावा. घूं आवाज आला तर रिमोटमधला एंड पॉइंट, म्हणजे चाक कुठवर वळावं याची मर्यादा, आवाज थांबेपर्यंत कमी करा. हे फोनवरच सांगून टाकतो. धाकटा भाऊ म्हणतो, अशानं धंदा बुडेल. अजून तरी बुडाला नाही.

एप्रिल-मे आमचा खरा हंगाम, कारण इथला उन्हाळा. पारा 45 च्या वर, हवा कोरडी ठक्क. नकल आणि आर्म बहुधा नायलॉनचे असतात, आणि नायलॉन हवेतला ओलावा धरून ठेवतं. त्या ओलाव्यानंच त्यात लवचिकपणा राहतो. टिनाच्या छपराखाली ठेवलेले आमचे सुटे भाग पार सुकायचे आणि पहिल्याच धक्क्याला बिस्किटासारखे तुटायचे. आता नवा भाग बसवण्याआधी पाण्यात उकळतो आणि त्याच पाण्यात रात्रभर ठेवतो. सुरुवातीला आईचं चहाचं पातेलं वापरलं. त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. पातेलं आता दुकानाचं वेगळं आहे.

पावसाळ्यात काळी माती छळते. ती चाकात आणि नकलभोवती भरते, रात्रीतून विटेसारखी वाळते आणि सकाळी कोणी तशीच गाडी सुरू केली की सर्व्हो विटेशी कुस्ती खेळतो. ओली पुसू नका, ती आत जाते. वाळू द्या, मग टूथब्रशनं झाडा. किंगपिनला तेल तर मुळीच घालू नका. तेलाला धूळ चिकटते, तिचं पॉलिश पेपर होतं आणि भोक लंबगोल व्हायला लागतं. मग चाक डुगडुगतं आणि माणूस टायरॉडला दोष देतो.

मध्ये थ्रीडी प्रिंटरही घेतला. पीएलए या प्रिंटरच्या प्लास्टिकच्या नकल छापल्या, दिसायला झकास. यवतमाळला नेताना कारच्या काचेमागे ठेवल्या, तर पोहोचेपर्यंत शंकरपाळ्यासारख्या वाकड्या. पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं, ते आम्हाला गाडीनं शिकवलं. प्रिंटरवर आता फक्त काम करताना भाग पकडायचे साचे निघतात.

तान्ह्या पोळ्याला गल्लीतलं एक पोट्टं आमच्याकडून दुरुस्त करून नेलेल्या ट्रकला लाकडी बैल बांधून मिरवणुकीत आलं. बैल ट्रकपेक्षा जड. वळणावर सर्व्हो सेव्हर दबायचा, ट्रक सरळच जायचा आणि पोरगं धावत जाऊन बैलाला हातानं वळवायचं. बाबा ओट्यावरून पाहत होते. "बराबर हाय," म्हणाले, "बैल वळवाले माणूसच लागते."

त्या 40 जोड्यांपैकी 31 अजून खोक्यात आहेत. मागितल्या तर देतो, पण आधी सेव्हरचा नट स्वतः तपासतो.

पार्सल पाठवणाऱ्यांना दोन विनंत्या. तुटलेला तुकडा फेकू नका, सोबत पाठवा. भोक लंबगोल असेल तर भाग झिजून गेला, तुटल्याजागी पांढरट पडलं असेल तर वाकून गेला, आणि काचेसारखा स्वच्छ तुटला असेल तर उन्हानं सुकला. पुढचं सगळं काम त्या तुकड्यावर ठरतं. आणि रिमोट पाठवा. निम्मे लोक तो घरीच ठेवतात, मग आम्ही गाडी हातात धरून बसतो.