कॅम्पर व्हॅनमध्ये भंगारातलं इंजिन बसवलं, माझा अनुभव

जुनं इंजिन मीच मारलं, हे आधीच कबूल करतो. व्हॅन म्हणजे जुनी फोक्सवॅगन टी३, इंजिन मागे आणि त्याच्यावरच आमची गादी, त्यामुळे काही बघायचं म्हटलं की आधी अंथरूण गुंडाळा मग झाकण उघडा, असला कंटाळा. त्या कंटाळ्यापायी दोन वर्षं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी झालं की नुसतं साधं पाणी ओतत राहिलो. ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, साध्या पाण्याने खाल्ले जातात हे मला तेव्हा माहीत होतं, तरी. हेड काढले तर कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.

महिनाभर रिपेअर करू की बदलू यात गेला, शेवटी सुबारू गाडीचं ईजे२२ इंजिन घ्यायचं ठरवलं. टी३ मध्ये हे इंजिन बरेच जण बसवतात कारण तेही आडव्या सिलिंडरचं, चपटं आहे, गादीखालच्या जागेत मावतं. माझं जुनं १.९ लिटरचं, ७८ हॉर्सपॉवरचं, आणि हे २.२ लिटर, साधारण १३०. शिवाय सुरुवातीच्या ईजे२२ मध्ये टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप चालवणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, भंगारातून घेताना ही फार मोठी गोष्ट आहे.

भंगारच्या यार्डात मुद्दाम मागून ठोकलेली गाडी शोधली, म्हणजे पुढचं इंजिन शाबूत. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ चिकटा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेल्याची खूण, नाही ना बघितलं, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) पान्याने हाताने फिरवला, बॅटरी लावून कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास, म्हटलं घ्या. आणि एक काम शहाणपणाचं केलं, इंजिनबरोबर अख्खं वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सगळे सेन्सर काढून आणले, एकही वायर न कापता. हे यार्डवाल्याला अजिबात आवडलं नाही.

इंजिन बाहेर आहे तोवर बेल्ट, आयडलर (बेल्ट ज्यांच्यावरून फिरतो त्या पुल्या) आणि वॉटर पंप बदलून टाकले, पंप त्याच बेल्टवर चालतो त्यामुळे एकाला हात लावला की दुसराही करायचाच. मागची प्लास्टिकची ऑइल सेपरेटर प्लेट काढून धातूची लावली, प्लास्टिकची कधी ना कधी गळतेच. सम्प, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, छोटा करून घ्यावा लागला नाहीतर तो खाली लोंबतो आणि पहिल्याच खड्ड्यात फुटतो. गिअरबॉक्सला जोडायला ॲडाप्टर प्लेट. मी आणि एका मित्राने इंजिन ट्रॉलीवर ठेवून खालून वर चढवलं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमध्ये काही केल्या जाईना, बोटभर अंतर राहिलेलं, तास झाला, शेवटी त्याने गिअर टाकून क्रँक जरासा फिरवला आणि टक्कन बसलं. मला वाटलं झालंच आता काम.

कसलं काय. खरं काम वायरिंगचं. सुबारूच्या हार्नेसमधून (वायरिंगच्या जुडग्यातून) नको त्या वायर काढताना प्रत्येकीला चिकटपट्टीवर नाव लिहिलं होतं, ग्रीस लागून अर्ध्या पट्ट्या सुटल्या, मग डायग्राम घेऊन मल्टिमीटरने एकेक वायर परत शोधली. आठवडा गेला. त्यानंतर सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय पण पकडत नाही. पेट्रोल येतंय, स्पार्क कधी आहे कधी नाही. मी ईसीयूच गेला असं धरून बसलो होतो. मित्र म्हणाला, ‘अरे आधी अर्थिंग बघ ना.’ बघितलं तर अर्थची वायर मीच नव्याने रंगवलेल्या ब्रॅकेटवर आवळली होती. रंग पॉलिशपेपरने खरवडला, बोल्ट परत आवळला, अर्ध्या सेकंदात सुरू.

मग कूलंट. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मधे लांबलचक पाइप, पंधरा लिटरच्या वर कूलंट जातं, हवा कुठेही अडकते. पहिल्यांदा भरून सोडलं तर काटा लाल पट्ट्याकडे आणि हीटरमधून गार हवा, लगेच बंद केलं. दुसऱ्या दिवशी गाडीचं तोंड उंच केलं, रेडिएटरच्या वरचा ब्लीड स्क्रू ढिला केला, इंजिन २००० आरपीएमला धरून नुसत्या बुडबुड्याच्या ऐवजी सलग धार येईपर्यंत भरत राहिलो. या वेळी अर्थातच साधं पाणी नव्हतं.

इंजिन नंबर बदलला की कागदपत्रांतही बदलावा लागतो, ते आधी करून घ्या, मी नंतर केलं आणि चकरा मारल्या.

गाडी आता चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मजेत जाते, फक्त गिअरबॉक्स जुनाच आहे, एवढ्या ताकदीसाठी बनलेला नाही त्यामुळे पाय जपून. चेक इंजिनचा दिवा मात्र अजून लागतो, स्पीड सेन्सरची वायर जोडायची राहिलीय, त्यामुळे आपण ८० ने जात असलो तरी ईसीयूला वाटतं गाडी उभीच आहे. पुढच्या रविवारी परत अंथरूण गुंडाळायचंय.