जुलैमधले धागे

रत्नागिरीत जुलैत पापड घालत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी पीएचडीचं इलेक्ट्रोस्पिनिंग, म्हणजे विजेच्या दाबाने द्रावणाचे बारीक धागे ओढणं, मी नेमकं जुलैतच सुरू केलं.

बिस्मथ फेराइट हा माझा पदार्थ. विद्युत ध्रुवण (आतले धन-ऋण भार आपणहून सरकलेले) आणि चुंबकी क्रम (अणूंच्या चुंबकांची शिस्तीतली मांडणी), दोन्ही खोलीच्या तापमानाला एकत्र नांदणारे पदार्थ मोजकेच, त्यातला हा. बिस्मथ आणि लोहाची नायट्रेटं विरघळवून त्यात पीव्हीपी हा चिकट पॉलिमर घालायचा, पाक सिरिंजमध्ये भरायचा, सुईला १५ किलोव्होल्ट द्यायचे. समोरच्या फॉईलवर केसाहून शेकडो पट बारीक धागे पडतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे शिरवाळेच पाडतोस म्हण की."

शिरवाळे बरे. माझे धागे फॉईलवर पडताच एकमेकांना चिकटून मेणकापड व्हायचं. पीव्हीपी हवेतलं पाणी ओढतं आणि आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता. शेवटी ॲक्रिलिकची पेटी टेपने बंद केली, आत सिलिका जेल ठेवलं आणि १०० वॅटचा बल्ब लावला. सुई सुरू करण्याआधी बल्ब बंद, कारण द्रावक पेट घेणारं. काटा ४५ वर आला तेव्हा पहिले सुटे धागे मिळाले. अर्थात मध्ये लाईट गेली की परत पहिल्यापासून.

मग पीव्हीपी जाळून बिस्मथ फेराइट घडवायला ५५० अंशांची भट्टी. तिथे बिस्मथ उडून जातो. एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण चाचणीत, बिस्मथ फेराइटची खूण असलेलं ३२ अंशांजवळचं जोडशिखर छान आलं, पण २८ च्या पुढे नको असलेली शिखरंही उगवली. पुढच्या खेपेला बिस्मथ ५ टक्के जास्त घातला, ती नको असलेली शिखरं बसली.

खरी गंमत चुंबकत्वात. या पदार्थातले स्पिन, म्हणजे अणूंचे चिमुकले चुंबक, ६२ नॅनोमीटरच्या फेऱ्याने वळत जातात आणि एकमेकांना खोडतात. धाग्यातले कण त्याहून लहान असले की फेरा अपुरा राहतो, थोडं चुंबकत्व शिल्लक उरतं. माझ्या चुंबकत्वाच्या आलेखाचं वेटोळं मधोमध उघडलेलं, म्हणजे चुंबकत्व उरल्याची खूण, पाहून मी पेढेच आणले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पेढा घेतला आणि विचारलं, "हे धाग्यांचं की गंजाचं?"

बरोबर होतं. मॅगेमाइट या गंजाच्या जातकुळीतल्या लोह-ऑक्साइडचा लवलेश एक्सआरडीत दिसतही नाही, चुंबकत्व मात्र भरपूर देतो. म्हणून नमुना तापवत मोजला. बिस्मथ फेराइटचा चुंबकी क्रम साधारण ३७० अंशांना मोडतो. त्यापुढे जे उरेल ते परक्याचं. बरंचसं तिथे विझलं, पण बारीक शेपटी पुढे गेलीच.

ती तशीच प्रबंधात छापली. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिच्यावरच आला.