कोर्दोबासाठी एकच दिवस असेल तर

स्पेनमधल्या कोर्दोबाला एकच दिवस असेल तर माझं ऐका, सुरुवात मेझकितापासूनच, म्हणजे इथल्या जुन्या मशिदीपासून करा आणि ती पण सकाळी साडेआठला. सोमवार ते शनिवार पहिला तासभर तिकीट नसतं, गर्दी कमी असते, आणि आत पाऊल टाकलं की साडेआठशेच्या आसपास खांब, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, बघावं तिकडे कमानीच. ७८५ च्या सुमारास सुरू झालेली ही मशीद, १६व्या शतकात तिच्या मधोमध कॅथेड्रल उभं केलं, मला ते अजूनही खटकतं. खांब जवळून बघा हं, कुठे गुळगुळीत, कुठे पिळाचे, बरेचसे जुन्या रोमन इमारतींतून उचलून आणलेले.

मग शेजारीच ज्यूंची जुनी वस्ती, पांढऱ्या भिंतींच्या गल्ल्या, १३१५ चं छोटंसं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), पाऊण तास पुरे. जेवायला सालमोरेखो घ्याच, टोमॅटो-ब्रेड-लसूण-ऑलिव्ह ऑइलचं थंडगार दाट सूप, वर हॅम आणि अंडं घालतात त्यामुळे शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच सांगा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चाळिशी पार करतं, दुपारी सरळ रूमवर जाऊन झोपा.

संध्याकाळी रोमन पूल ओलांडून पलीकडे जा आणि मागे वळून बघा, दिवे लागेपर्यंत थांबा.