वेसकर रात्री कुठे झोपतो? ठाण्याहून वसईच्या किल्ल्यावर

आधी सातवेशीबद्दल सांगते, नाहीतर रविवारी भर उन्हात आम्ही वसईला का गेलो ते कळायचंच नाही.

दर शनिवारी आमच्या चरईतल्या घरी जेवणं उरकली की टेबलावर चार्ट पेपर पसरतो, फासे निघतात आणि आम्ही पाच जणं खेळायला बसतो, मी गोष्ट चालवते आणि बाकीचे एकेक पात्र घेतात. गेली दोन वर्षं हा खेळ एकाच गावात चाललाय आणि त्या गावाचं नाव सातवेशी. खाडीकाठचं गाव, भोवती दगडी तट, तटाला सात वेशी. दिवेलागणीला खाडीतून धुकं वर येतं आणि त्या धुक्यात जो रात्र काढतो तो सकाळी स्वतःचं नाव विसरतो, नाव गेलं की घर कुठलं, माणसं कोण, काहीच आठवत नाही. म्हणून तट आहे, म्हणून रोज वेशी लागतात.

लोकांना वाटतं अशा खेळात नुसत्या लढाया असतात. आमच्याकडे राक्षस फारसे नाहीत, आमच्याकडे भांडणं असतात ती पाण्याची, जकातीची आणि कचऱ्याची. तिसऱ्या वेशीवर मिठाच्या गाड्यांना जकात किती लावायची यावर आम्ही तीन शनिवार घालवलेत. मी लहान असताना मुलुंड चेकनाक्याला जकातीसाठी उभ्या राहिलेल्या ट्रकच्या रांगा बघितल्यात, ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्हवर चहा करायचे, त्यामुळे ती वेस काढताना मला वेगळी कल्पना लढवावीच लागली नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोलही गेला, तरी अजून आपण रिक्षावाल्याला 'चेकनाका' असंच सांगतो. वेस मोडते पण नाव राहतं. माझी मैत्रीण पाणीखात्यात कामाला आहे, खेळात ती विहिरींचा हिशोब बघते, आणि तिचा पहिल्या दिवसापासून एकच मुद्दा, की तट कितीही उंच बांध, पाणी कुठून आणणार ते सांग. ठाण्याला स्वतःचं धरण नाही, नवी मुंबईकडे मोरबे आहे, हे ती दर उन्हाळ्यात ऐकवते.

तर झालं असं की मागच्या महिन्यात माझ्या भाच्याचं जुनं पात्र मेलं आणि त्याने नवीन घेतलं, सातव्या वेशीचा वेसकर. नववीत आहे तो. मी त्याला नियमांची वही दिली, त्यात मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ होती: वेसकर दिवे लागले की वेस लावतो, त्याचं घर वेशीबाहेर आहे. त्याने ती वाचली, फासे खाली ठेवले आणि म्हणाला, "मावशी, वेस लावून मी बाहेर जायचं? मग माझं नाव रोज रात्री जातं का?"

मला उत्तर देता येईना. ती ओळ मी विचार करून लिहिलेलीच नव्हती, हाताला आली म्हणून लिहिली होती. आणि हाताला का आली तेही मला माहितीये. आजी तिच्या माहेरच्या गावच्या गोष्टी सांगायची त्यात येसकर असायचा, वेशीची राखण करणारा, आल्यागेल्यावर नजर ठेवणारा, आणि त्याचं घर गावकुसाबाहेर. हे फक्त तिच्या गावात नव्हतं, जुन्या गावगाड्यात हे काम महार वतनात धरलेलं असायचं, गाव राखायचं त्याने आणि राहायचं मात्र कुसाबाहेर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात याच वतनाविरुद्ध विधेयक मांडलं होतं. हे सगळं मी शाळेत शिकलेय, वाचलंय, आणि तरी मनातून नवंकोरं जग तयार करताना मी ते जसंच्या तसं आत आणून ठेवलं, तेही नाव विसरायला लावणाऱ्या धुक्यात. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ठरवलं की एक खरंखुरं तटातलं शहर डोळ्यांनी बघून यायचं. डोंगरी किल्ले आम्ही पाहिलेत, पण तिथे मुख्यतः शिबंदी असायची. आम्हाला हवं होतं रस्ते, चर्च, दवाखाना, विहिरी, नगरपालिका असलेलं शहर, आणि तसं आपल्या जवळ वसईच आहे.

सकाळी भाच्याला घ्यायला खारकर आळीत गेले. त्याच्या घरापासून जेलची भिंत दोन मिनिटांवर आहे आणि ठाण्यात आयुष्य काढलेल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं की हे जेल म्हणजे ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, काम पुरं व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, मग १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकला आणि पुढे तुरुंग केला. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होता आणि १८१६ मध्ये इथूनच पळाला. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घोड्याचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करताना मराठीत गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून पळायचा बेत आत पोचवायचा, पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना भाषाच कळत नव्हती, अशी हकीकत सांगतात. भाचा चालता चालता थांबला आणि म्हणाला, म्हणजे तटाच्या आतबाहेर काय जातं ते वेसकराला सगळं कळतंच असं नाही. वहीत लिहून घेतलं त्याने.

ठाण्याहून स्लो लोकलने दिवा आणि दिव्याहून वसईची गाडी. या लाईनवर गाड्या कमी आहेत, चुकली तर बसून राहावं लागतं, तेव्हा टाइमटेबल बघूनच निघा. पण जाऊन बघाच एकदा, दादरला उतरून गर्दीत चेंगरत जाण्यापेक्षा हजार पटीने छान. खाडीवरचा पूल, भिवंडी रोड, खारबाव, कामण, मग रांगोळीवाल्यांचं जूचंद्र, आणि पुढे मिठागरं दिसायला लागली की समजायचं आलं वसई. मैत्रीण मिठागरांकडे बघत बसली होती, तिसऱ्या वेशीवरच्या मिठाच्या गाड्या तिला आठवत असणार.

स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते. किल्ल्यात शिरल्यावर आधी चिमाजीआप्पांचं स्मारक लागतं, तिथे नमस्कार केला आणि पुढे निघालो. इतिहास थोडक्यात सांगते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनशे वर्षांवर ती त्यांच्याकडे राहिली. १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी ती घेतली, तीही तट चढून नाही तर तटाखाली सुरुंग लावून, सॅन सेबॅस्टियनचा बुरूज उडाला तेव्हा वाट झाली. हे ऐकल्यावर नवरा, जो खेळात सातवेशीचा पाटील आहे, एकदम गंभीर झाला, कारण आमच्या तटाचा पाया किती खोल हे आम्ही कधी ठरवलेलंच नाही.

सेंट जोसेफ चर्च १५४६ चं, आता छत नाही, झाडं उगवलीयेत आणि मनोरा मात्र उभा आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत, पायाखाली अक्षरं येतात, नावं कोरलेली, काही घासून गेलेली. भाचा एका दगडाशी खाली बसला आणि बोटाने अक्षरं चाचपत राहिला, पहिली तीन लागली, पुढची गुळगुळीत. "याचं पण धुक्यात गेलं," एवढंच म्हणाला. मी काही बोलले नाही.

मैत्रीण मात्र पहिल्यापासून विहिरी शोधत होती आणि तिला एक मिळाली. काठाच्या दगडाला दोरीचे चर पडलेले, एकशेजारी एक, बोट आत जाईल इतके खोल, आणि ते सगळीकडे सारखे नव्हते, एका बाजूला दाट होते आणि पलीकडे जवळपास काहीच नाही. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. म्हणाली, सगळ्यांना पाणी एकाच बाजूने ओढायला लागायचं का, की या बाजूला सावली असायची, की पलीकडून ओढायची काहींना मुभाच नव्हती? उत्तर दगडावर लिहिलेलं नाही. पण मी आतापर्यंत सातवेशीच्या विहिरी नकाशावर नुसते निळे गोळे म्हणून काढत होते, त्यांना चार बाजू असतात आणि कुठल्या बाजूला कोण उभं राहतं हे कोणीतरी ठरवलेलं असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग सागरी दरवाजा. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला. उंच कमान, जाड लाकडी दारं, त्यावर लोखंडी खिळे, आणि बाहेर पडलं की कोळ्यांच्या होड्या, सुकत घातलेली मासळी, वास, पोरांचा आरडाओरडा, म्हणजे किल्ला ओसाड आणि वेशीबाहेरचं गाव मात्र जिवंत. दाराशी उभं राहून मी भाच्याला विचारलं, हे दार लावायचं तर कुठे उभं राहशील? तो आत गेला आणि दार लोटायचा आविर्भाव केला. मग दोन्ही हातांनी भिंतीतून काहीतरी ओढून काढल्यासारखं केलं. लोहगडावर त्याने बघितलेलं होतं, गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे एकामागोमाग दरवाजे चढताना मी त्याला भिंतीतली अडसराची खोबण दाखवली होती. दिवसा अडसर भिंतीत सरकवलेला, रात्री ओढून दाराला आडवा. तो ओढणारा माणूस आतच असावा लागतो. आणि त्याला बसायला-झोपायला दाराला लागूनच देवड्या असतात, पहारेकऱ्यांच्या.

"मावशी, मग तुझी ओळ चूकच आहे," तो म्हणाला. "बाहेर राहणारा माणूस आतून अडसर कसा लावेल?"

बरोबर होतं त्याचं. गावकुसाच्या वेशीचं गणित वेगळं असेल, पण आमच्या धुक्याच्या गावात, जिथे दार लागणं म्हणजे जगणं-मरणं आहे, तिथे लावणाऱ्याला बाहेर ठेवायचं म्हणजे एक तर दार नीट लागत नाही किंवा कोणीतरी दुसराच आतून लावतो आणि वेसकर फक्त नावाचा. मी लिहिताना कामाचा विचारच केला नव्हता, फक्त माणसाची जागा ठरवून टाकली होती.

तिथेच पायरीवर बसून डबे काढले, पोळीभाजी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि हिरकणीचा विषय निघाला. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, दरवाजे लागले, तान्हं बाळ खाली घरी, पहारेकऱ्याने हुकमाबाहेर दार उघडलं नाही आणि ती अंधारात कडा उतरली, ही कथा आपल्याला पाठ आहे. आपण तिचं कौतुक करतो आणि करायलाच हवं. पण भाच्याचं म्हणणं, वेसकर म्हणून त्याला त्या पहारेकऱ्याचं काय झालं ते हवंय. त्याला त्या रात्री झोप लागली असेल का? त्याच्याकडे दिंडी दरवाजा उघडायचा अधिकार असता तर? मोठ्या दारातलं ते एक माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार, तेवढ्याने गड पडला नसता.

परत येताना गाडीत बसायला जागा मिळाली आणि तिघांनी मिळून चार्ट पेपर मांडीवर घेऊन सातवी वेस नव्याने काढली. देवडी आली, तिला कोनाडा, कोनाड्यात दिवा. दारात दिंडी आली, भाच्याने तिची उंची स्वतःच्या छातीएवढी ठरवली. मैत्रिणीने देवडीमागे विहीर घातली आणि तिला चारही बाजूंनी पायऱ्या दिल्या. पाटलाने आधी खर्च किती असं विचारलं, मग मिठाच्या जकातीतून द्यायला तयार झाला.

शनिवारी खेळायला बसायच्या आधी मी वहीतली जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: वेसकर देवडीत झोपतो, अडसर त्याच्या हातात आणि दिंडीची किल्ली त्याच्या कंबरेला, दिंडी कोणासाठी उघडायची ते तो ठरवतो आणि सकाळी पंचांना सांगतो. भाच्याने वाचलं, मान हलवली, आणि मग नकाशावर बोट ठेवलं. सातव्या वेशीबाहेर मी तेव्हा आणखी घरं काढली होती, कातडी कमावणाऱ्यांची, मासेमारांची, एकोणीस चौकोन. त्यांचं काय? दोन वर्षांत त्यांच्यावर आम्ही एकदाही खेळलेलो नाही.

येत्या शनिवारी त्या एकोणीस घरांचा अर्ज सातवेशीच्या पंचांसमोर येणार आहे. भाच्याने तो लिहून ठेवलाय, वहीचं दीड पान, आणि खाली एकोणीस जणांची नावं.