मी कुठे नाही म्हटलंय?

पाच टिंबं. समोरच्या राउटरला 'पिंग' मारायचं, म्हणजे 'आहेस का?' असं पाचदा विचारायचं; उत्तर आलं नाही की एक टिंब. एकेक टिंब उमटायला दोन सेकंद. दहा सेकंद डोळे लावून बसायचं आणि शेवटी वाचायचं काय, तर सक्सेस रेट शून्य टक्के. दुपारभर मी हेच वाचत होते.

टेबलाखाली तीन जुने राउटर आणि दोन स्विच (एकाच जाळ्यातली यंत्रं एकमेकांना जोडणारे डबे) एकावर एक रचून ठेवलेत. त्यांच्या पंख्यांची घरघर एवढी, की घरातल्यांनी त्या खोलीत यायचंच सोडलंय. हल्ली अख्खं नेटवर्क लॅपटॉपमध्ये मावतं, आणि परीक्षेची खरी तयारी मीही तिथेच करते. पण हाताचं वळण मोडू नये म्हणून हे लोखंड ठेवलंय. ती फिकट निळी, चपटी कन्सोल केबल खोचल्यावर 'टक्' झालं नाही, तर अभ्यासाला बसल्यासारखं वाटतच नाही मला. असतात एकेकाच्या खोडी.

तर काल संध्याकाळी हेच सगळं झकास चाललं होतं. मी शहाण्यासारखं तिन्ही राउटरचं कॉन्फिगरेशन टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घेतलं, राउटर पुसून कोरे केले आणि झोपले. आज दुपारी तीच फाइल जशीच्या तशी पेस्ट केली. अक्षराचा फरक नाही. आणि तरी पाच टिंबं.

मग जे होतं ते झालं. ओएसपीएफचे, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायच्या पद्धतीतले, शेजारी बघितले, रकाना रिकामा. एरिया तपासला. वाइल्डकार्ड मास्क (कोणते पत्ते धरायचे ते सांगणारा) उलटा पडलाय का बघितलं, कारण तो माझा जुना वैरी. केबल बदलली. बदललेली केबलही बदलली. चाळीस मिनिटांनी, जे अगदी पहिल्यांदा करायचं असतं ते केलं. 'शो आयपी इंट ब्रीफ', म्हणजे सगळ्या पोर्टांची स्थिती दाखव. सगळ्या इंटरफेससमोर, म्हणजे पोर्टांसमोर, एकच शेरा : ऍडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन. म्हणजे बिघडलेलं काहीच नाही. फक्त 'बंद राहा' असा हुकूम आहे आणि तो कुणी मागे घेतलेला नाही.

कोऱ्या राउटरचे पोर्ट जन्मतःच बंद असतात. ते उघडायला प्रत्येक पोर्टावर जाऊन म्हणायचं, 'नो शटडाऊन'. वर्षानुवर्षं टाइप करतेय मी हे. बाकीचे 'नो शट'वर भागवतात. मला तो शब्द अर्धा तोडवत नाही. (ही दुसरी खोड.) पण आज पहिल्यांदाच टोचलं, की या यंत्राला 'चालू हो' म्हणायला शब्दच नाही. 'बंद हो' आहे. आणि चालू व्हायला हवं असेल तर त्याच 'बंद हो'च्या पुढे 'नको' लावायचा. बंद नको राहूस. एवढंच. स्वागत नाही, आशीर्वाद नाही, नुसता नकार काढून घ्यायचा.

आणि दुसऱ्या राउटरवर ते टाइप करताना कानात बाबांचा आवाज आला.

आठवीत होते. शाळेची मुक्कामाची सहल होती आणि पालकांची सही हवी होती. बाबा वर्तमानपत्रामागे. दिसायची ती फक्त त्यांची बोटं. 

"बाबा, जाऊ ना मी?"

पान उलटलं. 

"मी कुठे नाही म्हटलंय?"

मी तशीच उभी. हे 'हो' आहे का? पुढे काही येणार आहे का? शेवटी आतून आई ओरडली, "अगं, हो म्हणतायत ते. कागद दे!" मी कागद दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, खिशातलं लाल पेन काढलं, सूचनेतली 'नियमीत'ची दुसरी वेलांटी खोडून पहिली केली आणि मग सही केली. दुरुस्त केलेली शाळेची सूचना शाळेलाच परत देताना बाईंच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

त्यांच्याकडे या परवानगीची बरीच रूपं होती. 'माझी काही ना नाही.' 'मी नको म्हणत नाही.' फार महत्त्वाचं काही असेल तर 'हरकत नसावी', जणू हरकत घेणारा दुसराच कुणी आहे आणि हे नुसते निरोप्या. पण 'हो, जा' असं सरळ वाक्य? छे.

शिवाय प्रत्येक परवानगीच्या तळाशी एक न लिहिलेली ओळ असायची. ऍक्सेस लिस्ट, म्हणजे राउटरने कुणाला जाऊ द्यायचं त्याची यादी, लिहिणाऱ्यांना ती ठाऊक आहे. तुम्ही कितीही गोष्टींना 'परमिट' म्हणा, यादीच्या शेवटी 'बाकी सगळ्याला मनाई' असतंच. यादी छापून बघितली तर दिसत नाही, पण असतं. मैत्रिणीकडे जायला ना नव्हती. मैत्रिणीकडून पुढे तिच्या मावशीकडे जायला ना नाही असं कुणी म्हटलं होतं? ही अदृश्य ओळ मला घरी परतल्यावर वाचून दाखवण्यात आली होती.

आई म्हणजे स्विच. स्विचचे पोर्ट जन्मतः उघडे. केबल लावली की घेतलीच आत. मात्र लगेच बोलू देत नाही तो. दिवा आधी नारिंगी होतो. पंधरा सेकंद लिसनिंग, म्हणजे नुसतं ऐकणं. पंधरा सेकंद लर्निंग, म्हणजे कोण कुठे आहे ते समजून घेणं. मग हिरवा. ही तीस सेकंदं उगाच नसतात. स्विचांमध्ये कुठे वर्तुळ तयार झालं, तर एकच निरोप त्यात फिरत राहतो. पॅकेटला टीटीएल, म्हणजे आयुष्याची मर्यादा, असतो, कुठेतरी ते मरतं. ते पॅकेट ज्या पाकिटातून जातं त्या इथर्नेटच्या फ्रेमला तशी मरणाची सोय नाही, तिच्या प्रती वाढत जाऊन सगळं नेटवर्क आडवं होतं. त्यावरचा स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे जादा वाटा बंद ठेवून वर्तुळ तोडण्याचा, तोडगा रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला, आणि त्यावर चक्क एक कविताही केली. आईचंही तेच असायचं. आधी ऐकायची, मग यात आणखी कोण कोण आहे ते विचारायची, मग हिरवा दिवा. आमच्या धाकट्याला मात्र पोर्टफास्ट, म्हणजे त्या तीस सेकंदांची सूट, लावलेलं होतं. त्याने चप्पल घातली की तो थेट बाहेर. ऐकणं नाही, समजून घेणं नाही. यावर मी तेव्हा बोलले होते, आजही बोलू शकेन; पण राहू दे.

स्पॅनिंग ट्रीवरून आठवलं. सगळ्या स्विचांची प्रायॉरिटी सारखीच, ३२७६८, ठेवली, तर ज्याचा मॅक ऍड्रेस (यंत्राचा कारखान्यातून आलेला क्रमांक) सगळ्यांत लहान तो रूट, म्हणजे मुखिया, होतो. आणि लहान ऍड्रेस बहुधा सगळ्यांत जुन्या स्विचचा. माझ्या टेबलाखालीही तेच झालंय. दोन्हींतला जो धापा टाकतो, ज्याचा एक पंखा कायमचा गेलाय, तोच रूट. एका आज्ञेत बदलता येईल. मी बदललेलं नाही.

ज्या परीक्षेसाठी हे चाललंय, तिची लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक, आठ तासांची असते. पूर्वी दोन दिवसांची होती. १९९३ मध्ये सिस्को कंपनीची ही सीसीआयई सुरू झाली तेव्हा पास होणाऱ्यांना क्रमांक १०२४ पासून द्यायचं ठरलं, आणि तो १०२४ माणसाला नाही, खुद्द लॅबच्या खोलीला दिला गेला. माणसांची पाळी १०२५ पासून. पहिली पास झाली ती खोली! हे मी बाबांना फोनवर सांगितलं होतं. ते जरा थांबून म्हणाले, "खोलीला आठ तास बसायला काय जातंय?"

तर ती फाइल. अक्षराचा फरक नसताना कालचं आज का चालेना, याचं उत्तर लाजिरवाणं आहे, कारण ते मला पाठ आहे. दुसऱ्यांना शिकवलेलंही आहे. राउटर 'नो शटडाऊन' लिहूनच ठेवत नाही. पोर्ट बंद असेल तर कॉन्फिगरेशनमध्ये त्याच्याखाली 'शटडाऊन' अशी ओळ दिसते. उघडा केला की ती ओळ जाते, आणि तिच्या जागी काहीच येत नाही. त्यामुळे फाइलमध्ये माझ्या पत्त्यांची, मास्कची, वर्णनांची नोंद होती, परवानगीची नव्हती. फाइल कोऱ्या राउटरवर ओतली. पत्ते आले, परवानगी आली नाही.

गेल्या महिन्यात धाकट्याचा फोन आला होता. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, त्या दिवशी. बोलता बोलता म्हणाला, "ताई, बाबांनी आपल्याला कधी कशाला 'हो' म्हटलेलं आठवतंय तुला?" आणि मग आम्ही दोघं भराभरा त्यांचे नकार मोजायला लागलो. कुठला नाटकाचा दौरा, कुठली मोटारसायकल, कुठलं गिटार. वार आणि तारखांसकट आठवत होतं सगळं. पोर्टफास्टवाल्यालासुद्धा. हसलो, जरा कडवटच. 'हो' एकही सापडला नाही. फोन ठेवला.

आता इथे बसून दुसरीच यादी करून बघतेय. सायकल होती माझ्याकडे. सहलीला गेले होते. वसतिगृहात राहिले, शाखा बदलली, परगावी नोकरी घेतली. घरातली पहिली मुलगी, जी रात्रपाळीला सर्व्हर रूममध्ये एकटी बसायची. यातल्या एकाही गोष्टीला ते 'हो' म्हणाल्याचं आठवत नाही, हे खरंच आहे. 

तिन्ही राउटरवर मिळून सहा इंटरफेस. सहाही ठिकाणी पूर्ण शब्द टाइप केला. स्क्रीनवर ओळी धडाधड उतरल्या, चेंज्ड स्टेट टू अप, चेंज्ड स्टेट टू अप. मग फाइल उघडून प्रत्येक इंटरफेसखाली तीच ओळ हाताने लिहून ठेवली, पुढच्या वेळी विसरायला नको म्हणून.

पिंग मारलं. एक टिंब आणि पुढे चार उद्गारचिन्हं. ऐंशी टक्के. पहिलं पॅकेट असंच जातं. समोरच्याचा मॅक ऍड्रेस माहीत नसतो, तो विचारून येईपर्यंत ते बिचारं टाकून दिलेलं असतं. दुसऱ्यांदा मारलं की पाचही पोचतात.

धाकट्याला फोन लावला. उचलला नाही. थोड्या वेळाने परत लावते.